मणक्याच्या शस्त्रक्रियेत रोबोट : नागपुरात कुणाचा अनुभव? ‘99 टक्के अचूक’ म्हणजे नेमकं काय?

गोरेवाडा_रिटर्न

नमस्कार मंडळी. आईचं वय 64. कंबरेत एल4 (चौथा) मणका एल5 (पाचव्या) वर पुढे सरकला आहे, ग्रेड 1, म्हणजे सर्वात कमी घसरण. उभं राहिलं की दोन्ही पायांत कळा येतात, थोडं चाललं की बसावं लागतं, बसलं की बरं वाटतं. गोळ्या, फिजिओ, कंबरेतलं इंजेक्शन, सगळं करून झालं.

रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांनी स्क्रू-सळ्या टाकून दोन मणके जोडायला सांगितलं. त्यांच्याकडे रोबोट आहे. तिथल्या काउंटरवर ‘99 टक्के अचूक’ असं छापलेलं पत्रक मिळालं. धंतोलीतले दुसरे, जरा वयस्क डॉक्टर म्हणाले, हेच ऑपरेशन मी सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना चित्र दाखवणारं एक्सरे यंत्र) बघून हाताने करतो, वर्षानुवर्षं करतोय. दोन्हींच्या खर्चात लाखभर रुपयांचा फरक.

पुण्याचा भाऊ म्हणतो रोबोटच. बाबा म्हणतात म्हाताऱ्या डॉक्टरचा हात बरा. मला दोघांना उत्तर देता येत नाही. रोबोटने खरंच धोका कमी होतो का? रोबोट चुकला तर काय? कृपया ऐकीव नको, माहिती असेल तर सांगा.

तर्री_जास्त

मले पहिले हे सांगा, रोबोट करते काय? डॉक्टर बाजूला चहा पिते अन् हा एकटाच कापते काय?

हिरवा_गाऊन

तर्रीभाऊ, नाही हो. :)

मी डॉक्टर नाही. ओटीत (ऑपरेशन थिएटरात) सी-आर्म आणि ओ-आर्म (पेशंटभोवती कड्यासारखं फिरून सीटीसारखं चित्र देणारं यंत्र) चालवते, त्यामुळे हे यंत्र जवळून बघते. पोटाच्या ऑपरेशनचा रोबोट वेगळा. तिथे सर्जन कन्सोलवर बसून हात हलवतो आणि यंत्राचे हात आत हलतात. मणक्याचा रोबोट तसा नसतो. तो एक हात आहे, त्याच्या टोकाला पोकळ नळी. हा हात ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात येऊन थांबतो आणि घट्ट होतो. मग सर्जन त्या नळीतून ड्रिल घालतो, भोक पाडतो, स्क्रू पिळतो. कापणं, हाड मोकळं करणं, नस सोडवणं, गादी काढणं, टाके, सगळं माणूसच करतो.

कोन कुठून येतो? आधी सीटी स्कॅन काढतात. त्या त्रिमितीय चित्रावर सर्जन संगणकात प्रत्येक स्क्रू ‘बसवून’ बघतो: किती जाड, किती लांब, कुठून शिरणार. मग ओटीत पेशंट पालथा झोपवल्यावर ते चित्र आणि प्रत्यक्ष शरीर यांची जुळणी करावी लागते. याला रजिस्ट्रेशन म्हणतात. एक पद्धत अशी की सी-आर्मने दोन दिशांनी एक्सरे घेऊन संगणक ते आधीच्या सीटीशी जुळवतो. दुसरी म्हणजे ओ-आर्मने टेबलावरच नवा सीटी काढायचा. पहिल्या पद्धतीत एक अडचण असते. सीटी काढताना माणूस उताणा होता, आता पालथा आहे, मणक्यांचं आपसातलं वाकणं बदललेलं असतं. म्हणून प्रत्येक मणका वेगवेगळा जुळवतात.

स्क्रू जातो तो पेडिकलमधून. मणक्याच्या मागच्या कमानीला पुढच्या ठोकळ्याशी जोडणारा हाडाचा छोटा खांब. त्याच्या आतल्या अंगाला नसांची पिशवी, खालून नस बाहेर पडते, आणि स्क्रू फार लांब गेला तर पुढे मोठ्या रक्तवाहिन्या. कंबरेत स्क्रू साधारण साडेसहा मिमी जाडीचा असतो. एल4-एल5 चे पेडिकल चांगले रुंद असतात, तिथे जागा असते. छातीच्या मधल्या मणक्यांत काहींचे पेडिकल चार-पाच मिमीचेच, तिथे खरी तारेवरची कसरत.

खाणीतला_मोजणीदार

मी वेकोलिच्या खाणीत सर्व्हे करतो, उमरेडकडे. वैद्यकातलं कळत नाही, पण ताईंनी लिहिलेलं रजिस्ट्रेशन वाचून आमचंच काम आठवलं. टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजायचं यंत्र) कितीही भारी असू द्या, ज्या खुंटीवरून मोजणी सुरू केली ती खुंटी डंपरच्या धक्क्याने दोन बोटं सरकली असेल तर पुढचे सगळे बिंदू अगदी अचूकपणे चुकीचे येतात. यंत्र तक्रार करत नाही. म्हणून आम्ही अधूनमधून माहितीच्या बिंदूवर परत नेम धरून बघतो.

प्रश्न असा, की या रोबोटची खुंटी कुठे असते? आणि ती सरकली तर कळतं कसं?

हिरवा_गाऊन

मोजणीदार दादा, अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंत.

खुंटी पेशंटच्या हाडातच असते. कमरेच्या मागे हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथे पिन ठोकतात किंवा मणक्याच्या मागच्या काट्याला चिमटा लावतात. काही यंत्रांत रोबोटचा हात टेबलाच्या कडेला बसवून या पिनेशी सळीने जोडलेला असतो. काहींत रोबोट चाकांवर बाजूला उभा असतो आणि पिनेवर चमकणारे गोळे असतात, कॅमेरा ते गोळे बघत राहतो. कॅमेरा आणि गोळे यांच्या मध्ये कुणाचं डोकं आलं की पडद्यावरचं चित्र थांबतं. गोळ्यावर रक्ताचा थेंब उडाला तरी गडबड, पुसावं लागतं.

पिनेला कोपर लागणं, हे खरंच होतं. हाड ठिसूळ असेल तर पिन सैलही होते. सावध टीम काय करते? नळी लावण्याआधी टोकदार पॉइंटर मणक्याच्या ओळखीच्या जागेवर, म्हणजे काट्याच्या टोकावर किंवा सांध्याच्या कडेवर टेकवते आणि पडद्यावर तो तिथेच दिसतो का बघते. पडद्यावर पॉइंटर हवेत तरंगताना दिसला की समजायचं खुंटी हलली. मग परत सीटी, परत जुळणी. काही यंत्रांत दुसरी वेगळी पिन असते, फक्त पहिली सरकली का हे ओळखायला.

दुसरी गडबड म्हणजे ड्रिल घसरणं. स्क्रूच्या तोंडाशी सांध्याचं हाड उतरतं असतं. कोन बरोबर, पण टोक त्या उतारावर टेकलं की बाहेरच्या बाजूला घसरतं. नळी सरळ, पडदाही सगळं ठीक दाखवतो, कारण पडद्यावर ठरवलेली रेषा दिसते, ड्रिल आत किती वाकलं ते नाही. छोट्या छेदातून करताना जाड पाठीचे स्नायू नळीला रेटतात, तेही कारण. उपाय म्हणजे आधी तो उतार बरने (हाड घासायच्या गोल टोकाच्या ड्रिलने) सपाट करायचा, वेगवान ड्रिल वापरायचं, दाब कमी द्यायचा, छेद जरा मोठा घ्यायचा. चांगले सर्जन ड्रिलच्या आवाजावरून आणि हाताला जाणवणाऱ्या अडसरावरून थांबतात. मी स्वतः एका सरांना ‘हे बरोबर वाटत नाही’ म्हणत रोबोटचा हात बाजूला सारताना पाहिलंय. पडद्यावर सगळं हिरवं होतं.

अंबाझरी_मैना

वाचनाचं व्यसन आहे म्हणून थोडे आकडे टाकते. पत्रकातल्या 99 चा अर्थ लावायला उपयोगी पडतील.

बहुतेक अभ्यासांत स्क्रूची जागा ऑपरेशननंतरच्या सीटीवर मोजतात. गर्ट्झबाइन-रॉबिन्स नावाची पट्टी आहे. ए म्हणजे स्क्रू पूर्ण हाडात. बी म्हणजे 2 मिमीपेक्षा कमी बाहेर. सी म्हणजे 2 ते 4, डी 4 ते 6, ई त्याहून जास्त. ए आणि बी मिळून ‘स्वीकारार्ह’. म्हणजे ‘99 टक्के अचूक’ याचा अर्थ शंभरातले 99 स्क्रू ए किंवा बी मध्ये. शंभरातले 99 पेशंट बरे झाले, असा मुळीच नाही.

आता गंमत बघा. मणक्याच्या पहिल्या रोबोटला, स्पाइनअसिस्टला, अमेरिकेत 2004 मध्ये परवानगी मिळाली. 2012 मध्ये जर्मनीतला अभ्यास आला, 60 पेशंट, कुणाला रोबोट आणि कुणाला हात हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलेलं. हाताने घातलेले 93 टक्के स्क्रू चांगले, रोबोटचे 85. रोबोट हरला! काही स्क्रू मध्येच रोबोट बाजूला ठेवून हाताने घालावे लागले. ताईंनी सांगितलेलं घसरणं आणि हाडाशी कच्ची जोडणी, हीच कारणं संशोधकांनी दिली.

मग 2019 मध्ये चीनच्या तियानजी रोबोटचा तसाच चिठ्ठी पद्धतीचा अभ्यास. पूर्ण हाडात बसलेले स्क्रू रोबोटने 95.3 टक्के, सी-आर्मवर बघून 86.1. ए आणि बी मिळून बघितलं तर 98.7 विरुद्ध 93.5.

दोन्हींत हाताचा आकडा बघा: 93 आणि 93.5. सर्जन वेगळे, देश वेगळे, पेशंट वेगळे, त्यामुळे थेट तुलना करू नये हे कळतं. तरी मला वाटतं की हात आधीपासूनच बराच चांगला होता आणि या वर्षांत सुधारला तो रोबोट. पहिल्या पिढीच्या यंत्राबद्दलचं वाईट मत आजच्या यंत्राला लावू नये, आणि आजच्या यंत्राचा आकडा दाखवून हाताने करणाऱ्याला मागासही ठरवू नये.

खाणीतला_मोजणीदार

मैनाताई, एक हिशेब. दोन मणके जोडायचे म्हणजे चार स्क्रू. 98.7 चा चौथा घात काढला तर चारही नीट बसण्याची शक्यता 95 टक्क्यांच्या आसपास. 93.5 चा काढला तर 76 च्या आसपास. म्हणजे पेशंटच्या बाजूने बघितलं तर फरक पाचाचा नाही, चांगला अठरा-एकोणीसचा आहे!

हिरवा_गाऊन

दादा, हिशेब सुंदर, पण दोन ठिकाणी अडतो. चार स्क्रू एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. तुमचीच खुंटी सरकली की चारही एकाच बाजूला सरकतात. रोबोटची चूक अशी एकगठ्ठा येऊ शकते, हाताची सुटीसुटी येते. आणि दुसरं, सी ग्रेडचा स्क्रू म्हणजे इजा नव्हे. बाहेरच्या बाजूला 3 मिमी गेलेला स्क्रू कित्येकांना जन्मभर कळतही नाही. आतल्या बाजूला, नसेच्या अंगाला तेवढाच गेला तर पाय धरतो. पट्टी मिमी मोजते, दिशा मोजत नाही.

त्यामुळे सीटीवरचा फरक मोठा दिसतो, पण परत ऑपरेशन करावं लागणारे दोन्हीकडे मुळातच थोडे असतात, आणि तिथला फरक सिद्ध करायला फार मोठे अभ्यास लागतात.

बर्डीचा_बंड्या

सगळं मार्केटिंग आहे. वर्धा रोडने निघा, दर दुसऱ्या होर्डिंगवर रोबोट हात जोडून उभा. यंत्राचे कोट्यवधी फेडायचे कुणी? तुमच्या-आमच्या आईने.

चांदा_ते_बांदा

बंड्याभाऊ, राग समजतो पण थोडं ऐका. माझे बाबा, चंद्रपूरहून नागपूरला आणले होते, काही वर्षांपूर्वी. नाव लिहित नाही. हाताने स्क्रू टाकले, तीन पातळ्या, म्हणजे मणक्यांच्या तीन जोड्या. शुद्धीवर आले तेव्हा उजवा पाय घोट्यातून वर उचलेना. सांगितलं, सूज आहे, उतरेल. सीटी काढायला किती विनवण्या कराव्या लागल्या विचारू नका. काढला तेव्हा एक स्क्रू आतून गेलेला. परत ऑपरेशन करून काढला. पाय बराचसा आला, पण चप्पल अजून निसटते, घरातसुद्धा सँडल घालतात.

रोबोट असता तर झालं नसतं असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं, टाके घालायच्या आधी तिथेच तपासलं असतं तर तेव्हाच बदलता आला असता. ही गोष्ट विचारा. रोबोट असो नसो.

हिरवा_गाऊन

चांदा दादा, वाईट वाटलं वाचून. तुमचा मुद्दा मला या अख्ख्या धाग्यात सर्वात महत्त्वाचा वाटतो.

तपासायचे मार्ग आहेत. हाताने करताना भोक पाडल्यावर बारीक गोल टोकाची सळी आत घालून चारी भिंती आणि तळ चाचपतात. हाड खरखरीत कडक लागतं, भिंत फुटली असेल तर टोक मऊ पडतं. दुसरं न्यूरोमॉनिटरिंग: पायांच्या स्नायूंत बारीक सुया लावून नसांचे संदेश ऑपरेशनभर बघत राहायचं. स्क्रूला हलका विद्युतप्रवाह देऊनही बघतात. थोड्याच प्रवाहाला पायाचा स्नायू फडफडला तर भिंत फुटल्याची शंका. तिसरं, ओ-आर्म असेल तर टाके घालण्याआधी शेवटचा एक स्कॅन. हे तिन्ही रोबोटशिवाय होतं.

किरणांबद्दलही लिहिते, कारण ‘रोबोटमध्ये रेडिएशन कमी’ असं सांगतात. कमी होतं ते मुख्यतः सर्जनचं आणि आमचं. सी-आर्मवर दर स्क्रूला शूटिंग, आम्ही लेड ॲप्रन घालून उभे. ओ-आर्म फिरताना सगळे बाहेर किंवा पडद्याआड जातो. पेशंटला मात्र सीटीचा डोस मिळतोच. 64 वयाला त्याची फार काळजी नको, लहान मुलांत विचार करावा.

मेडिकल_चौक_मावशी

माझं रोबोटने झालंय, मागल्या वर्षी, याच आजाराला. छोटे छोटे छेद, रक्त चढवायला लागलं नाही, दुसऱ्या दिवशी उभी केली. नंतरच्या सीटीत डॉक्टरांनी स्क्रू दाखवले, अगदी हाडाच्या मधोमध, बघून कुणाचंही समाधान व्हावं.

आणि डावी पोटरी अजून दुखते. पहिल्याइतकी नाही, पण पायऱ्या चढताना आहेच. डॉक्टर म्हणाले नस फार दिवस दबलेली होती, ती हळूहळू येईल किंवा तेवढीच राहील. तेव्हा गोरेवाडा, स्क्रू बरोबर बसणं आणि दुखणं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आईला आधीच सांगून ठेव बाळा. मला कुणी सांगितलं नव्हतं.

तर्री_जास्त

मावशी, हे लाखातलं बोलल्या. माह्या साळ्याचंही असंच होऊन राहिलं. एमआरआय मस्त, माणूस त्रस्त.

दाभ्याचा_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट, पाठीचेच पेशंट जास्त. सगळे रोबोट की हात यावर भांडताय, त्याआधीचा प्रश्न राहूनच गेला. स्क्रू टाकायचेच का?

अशा घसरणीत त्रास दोन कारणांनी होतो. नसांची वाट अरुंद झालेली असते आणि मणका हलत असतो. वाट मोकळी करणं हे एक ऑपरेशन, त्याला डीकम्प्रेशन म्हणतात. त्यासोबत मणके जोडणं हे फ्युजन, स्क्रू त्यासाठी. एप्रिल 2016 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. स्वीडनचा म्हणाला, जोडल्याने काही जास्तीचा फायदा दिसला नाही. अमेरिकेचा म्हणाला, जोडल्याने जगण्याचा दर्जा थोडा बरा झाला. मग 2021 मध्ये नॉर्वेचा आला, 267 पेशंट, सगळे घसरणीचेच: नुसती वाट मोकळी केलेले दोन वर्षांनी जोडलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत.

म्हणून ‘कुणालाच स्क्रू नको’ असं होत नाही. मणका फार हलत असेल, कंबरदुखीच मुख्य असेल, नसेची खिडकी उंचीने दबली असेल, तर जोडावं लागतं. पण ते ठरवायला उभं राहून पुढे वाकून आणि मागे वाकून काढलेले एक्सरे लागतात. झोपून काढलेल्या एमआरआयवर घसरण कमीही दिसते. आईचे असे एक्सरे झालेत का?

आणि हाडांची घनता. 64 ची बाई, डेक्सा स्कॅन झालाच पाहिजे. हाड भुसभुशीत असेल तर मिमीच्या अचूकतेने बसवलेला स्क्रूही काही महिन्यांत सैल होतो. रोबोट जागा बरोबर देतो, पकड हाड देतं.

गोरेवाडा_रिटर्न

फिजिओ सर, वाकून काढलेले एक्सरे नाहीत. डेक्साही नाही. फक्त एमआरआय. आता विचारतो.

त्रिमूर्तीनगरची_आई

विषय थोडा वेगळा, पण लिहिते. माझ्या मुलीला स्कोलिओसिस होता, पाठ बाकदार नाही, वळलेली. तिच्यात मणके नुसते वाकलेले नाही, पिळलेलेही होते. आतल्या वळणावरचे काही पेडिकल इतके अरुंद की डॉक्टर म्हणाले इथे स्क्रू टाकणारच नाही. तिथे मला संगणकाचं नियोजन फार कामाचं वाटलं. कुठल्या मणक्यात जाड, कुठे बारीक, कुठे काहीच नाही, हे आदल्या दिवशीच ठरलं होतं. अशा ऑपरेशनमध्ये रोबोट किंवा नेव्हिगेशनला (रोबोटचा हात नाही, पण पडद्यावर स्क्रूची वाट दाखवणारी यंत्रणा) दोन पैसे जास्त द्यायला मी तयार झाले. एल4-एल5 एकाच पातळीला झाले असते का, माहीत नाही.

अंबाझरी_मैना

हो, स्कोलिओसिस, दुसऱ्यांदा ऑपरेशन, आधीच्या सर्जरीने ओळखीच्या खुणाच गेलेल्या, किंवा छोट्या छेदातून करायचं आणि हाड डोळ्यांना दिसतच नाही, अशा ठिकाणी मार्गदर्शनाचा फायदा जास्त पटतो. एक लहान पण उपयोगी गोष्ट अजून: बऱ्याच तुलनांत रोबोटचे स्क्रू वरच्या मणक्याच्या सांध्याला कमी घासतात असं दिसलंय. तो सांधा बिघडला की वरची पातळी पुढे त्रास देऊ शकते.

विमावाला_पण_चांगला

पैशांबद्दल. विमा नियामकाने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत आधुनिक उपचारांची यादी दिली, त्यात रोबोटिक सर्जरी आहे आणि ऑपरेशनमधलं न्यूरोमॉनिटरिंगही आहे. म्हणजे ‘रोबोट आहे म्हणून क्लेम नाही’ असं सरसकट म्हणता येत नाही. पण कंपनी त्यावर मर्यादा घालू शकते आणि घालतातच. पॉलिसीच्या कागदात ‘मॉडर्न ट्रीटमेंट’ची ओळ शोधा. मर्यादा विम्याच्या रकमेच्या निम्मी असेल तर ती फक्त रोबोटच्या जादा बिलाला लावणार की अख्ख्या ऑपरेशनला, हे कॅशलेसच्या आधी लेखी घ्या. भांडणं इथेच होतात. सरकारी योजनेतून करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, काउंटरवरच्या माणसाला नाही.

बर्डीचा_बंड्या

बरं, मार्केटिंगचा शब्द थोडा मागे. पण एक तरी विचारा त्या डॉक्टरला, की स्क्रूची आखणी तुम्ही करता की कंपनीचा पोरगा? ओटीत कंपनीचे लोक लॅपटॉपवर बसलेले असतात असं ऐकलंय.

हिरवा_गाऊन

असतात, खरं आहे. यंत्र मांडायला, जुळणीत अडलं तर मदतीला. त्यात वावगं काही नाही. आखणी त्यांनी कच्ची करून दिली तरी प्रत्येक स्क्रू सर्जनने स्वतः बघून, हलवून, नक्की करायला हवा. जे सर आदल्या रात्री घरून आखणी करून येतात आणि जे ओटीत हात धुता धुता ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणतात, दोघांना आम्ही ओळखतो. :)

गोरेवाडा, मी तुझ्या जागी असते तर विचारलं असतं: रोबोट मध्येच बंद पडला किंवा जुळणी झाली नाही तर काय करता? या प्रश्नावर चिडणारा नको.

गोरेवाडा_रिटर्न

मंडळी, उशीर झाला, पण दोन्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो. धंतोलीत गाडी लावायला जेवढा वेळ गेला तेवढा वेळ डॉक्टरांनीही दिला, ही मोठी गोष्ट.

वाकून एक्सरे काढले. मणका बराच हलतोय. पुढे वाकली की घसरण वाढते, मागे वाकली की कमी होते. त्यामुळे जोडण्यावर दोघांचं एकमत. धंतोलीच्या डॉक्टरांनी फिल्मवर पेन्सिलने दोन रेषा मारून आईला स्वतःला दाखवलं, तिला पहिल्यांदा कळलं की नेमकं काय सरकतंय. त्यांच्याकडे न्यूरोमॉनिटरिंग नाही, सीटी दुसऱ्या दिवशी करतात. रामदासपेठेच्या डॉक्टरांना ताईंचा प्रश्न विचारला. म्हणाले, ‘हातानेच टाकतो मग, रोबोट यायच्या आधी तेच करत होतो. आजही एखाद्या केसमध्ये मध्येच सोडून देतो.’ आखणी स्वतः करतात, टाके घालण्याआधी स्कॅन करतात. पत्रकातल्या 99 बद्दल विचारलं तर हसले, म्हणाले ते माझ्या टेबलावर नसतं, काउंटरवर असतं.

मला वाटतं आम्ही रामदासपेठेकडे झुकतोय, पण रोबोटसाठी नाही, मॉनिटरिंग आणि त्या शेवटच्या स्कॅनसाठी. बाबांना हे पटलं. भावाला सांगितलं नाही, त्याला वाटू दे त्याचंच ऐकलं.

पण तारीख नाही मिळाली. डेक्सा खराब आला, ऑस्टिओपोरोसिस. दोघेही म्हणाले आधी हाड सुधारू, रोजचं टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन, व्हिटॅमिन डी, मग बघू. तोपर्यंत पट्टा आणि फिजिओ. आता एकच विचारायचंय: आखणीसाठीचा सीटी आत्ताच काढून ठेवू का? इथे ओळखीच्या सेंटरवर स्वस्तात होतोय.

दाभ्याचा_फिजिओ

इंजेक्शन सुरू असताना चालणं बंद करू देऊ नका. थोडं चाला, बसा, परत चाला. पुढे किंचित वाकून चालायला बरं वाटत असेल तर बाजारातली ढकलगाडी धरून चालू द्या, लाजायचं काही नाही.

हिरवा_गाऊन

सीटी आत्ता नको. आखणीच्या सीटीला पातळ काप लागतात, 1 मिमीच्या आसपास, आणि प्रत्येक यंत्राची आपली पद्धत असते. बाहेरून जाड कापांचा काढून आणला तर संगणक तो घेतच नाही, परत काढावा लागतो. शिवाय काही महिन्यांत घसरण बदललीही असेल. डॉक्टर त्या वेळी लेखी प्रोटोकॉल देतील, तो कागद सेंटरवर दाखवायचा आणि फिल्म नाही, सीडी मागायची. फिल्मवर आखणी होत नाही. आणि त्यांच्याकडे ओटीत ओ-आर्म असेल तर कदाचित आधीचा सीटी लागणारही नाही, हे पहिले विचारून घे.

गोरेवाडा_रिटर्न

ओ-आर्म आहे त्यांच्याकडे. उद्या फोन करून विचारतो. धन्यवाद ताई.